अंडी केव्हा सोडायची, हे मादी कशी ठरवते?

मे २०२० च्या अखेरीस वाळवंटी टोळांचे थवे मध्य प्रदेशातून विदर्भात उतरले, तेव्हा अमरावती व नागपूरच्या संत्राबागायतदारांना पानांइतकीच आणखी एक धास्ती होती : हे टोळ येथेच अंडी घालतील काय? थव्यांतील टोळ प्रामुख्याने गुलाबी, म्हणजे अपरिपक्व होते. पिवळी झालेली मादीच अंडी घालते, आणि तीही लगेच नव्हे. उदराच्या टोकाने ती जमीन चाचपते. ओलसर, वाळूसर माती लाभल्यास सुमारे १० सेंमी खोलीवर अंड्यांचा पुंजका सोडते. तोवर ती अंडी रोखून धरू शकते.

हे रोखणे व सोडणे अंडवाहिनीच्या स्नायूंचे कार्य होय. चेतातंतूच्या टोकातून स्रवणारे संदेशक रसायन पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनास, म्हणजे ग्राहीस (रिसेप्टर) बिलगते आणि पेशीस आज्ञा मिळते. टोळाच्या अंडवाहिनीत ग्लुटामेट व प्रॉक्टोलिन या रसायनांमुळे स्नायू आकुंचन पावतात, तर ऑक्टोपामाइनमुळे ते सैल पडतात. ऑक्टोपामाइन प्रथम ऑक्टोपसच्या लाळग्रंथींत सापडले, म्हणून हे नाव. परंतु त्याचे खरे राज्य कीटकसृष्टीत आहे. ड्रोसोफिला माशीवरील प्रयोग या बाबतीत बोलका आहे. ऑक्टोपामाइनचा एक ग्राही नसलेल्या माद्यांचे मीलन व्यवस्थित होते, अंडीही तयार होतात. मात्र ती अंडाशयातच अडकून राहतात. हाच ग्राही केवळ अंडवाहिनीच्या अस्तरात पुन्हा निर्माण केला असता अंडी उतरू लागतात.

सस्तन प्राण्यांत ऑक्टोपामाइन अत्यल्प असते व त्याचे स्वतंत्र ग्राही आढळत नाहीत. त्यामुळे कीडनाशकासाठी हे लक्ष्य मोलाचे ठरते. गोठ्यातील परिचित उदाहरण म्हणजे गोचिडांवरील अमिट्राझ. गोचीड हा कीटक नव्हे, तो कोळ्यांच्या कुळातला. पण ऑक्टोपामाइनचे ग्राही त्यालाही असतात. अमिट्राझ त्या ग्राहींना सतत चेतवत ठेवते, त्यामुळे गोचिडांची पकड सुटते आणि मादीचे अंडी घालणेही घटते. तथापि ‘जनावरांना निर्धोक’ हा समज अर्धवट आहे. सस्तन प्राण्यांतील काही अन्य ग्राहींवरही अमिट्राझ परिणाम करते. घोड्यांवर तर ते वापरूच नये, कारण त्यांच्या आतड्यांची हालचाल मंदावून पोटशूळ उठतो.

ऑस्ट्रेलियातील गुरांच्या गोचिडांत याच प्रकारच्या ग्राहीतील जनुकीय बदलाचा संबंध अमिट्राझ-प्रतिकाराशी आढळला आहे. कुलूपच किंचित बदलले की किल्ली फिरत नाही. अशा वेळी मात्रा वाढविणे व्यर्थ. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेगळ्या गटातील औषध योजावे. औषधाचे द्रावण लेबलवरील प्रमाणातच करावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गोठ्यात आवर्जून सांगावी अशी बाब आणखी एक आहे. रक्त पिऊन फुगलेली मादी हाताने ओढून जमिनीवर टाकल्यास काम संपत नाही. अंडी घालण्यासाठी ती एरवीही जनावर सोडणारच असते. भिंतीच्या फटीत शिरून ती दोन ते तीन हजार अंडी घालू शकते. वेचलेल्या गोचिडी रॉकेलच्या डब्यात टाकाव्यात आणि गोठ्याच्या फटी बुजवून घ्याव्यात.