नौकेचा रंग निवडताना डब्याच्या किमतीपेक्षा घनांश महत्त्वाचा

पश्चिम किनारपट्टीवर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. नौका किनाऱ्यावर विसावलेल्या असल्याने कोकणातील मच्छीमारांना डागडुजी आणि रंगकामासाठी हाच काळ मिळतो. या वेळी केलेली रंगाची निवड पुढील हंगामातील डिझेलच्या खर्चावर परिणाम करते.

समुद्राच्या पाण्यात राहणाऱ्या नौकेच्या तळावर प्रथम चिकट थर, नंतर शेवाळ आणि बार्नॅकलसारखे कवचधारी जीव वाढतात. तळ खडबडीत झाला की पाण्याचा रोध वाढतो आणि तोच वेग राखण्यासाठी अधिक इंधन जाळावे लागते. लाकडी नौकांना लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांचाही धोका असतो. त्यामुळे पाण्याखालील भागासाठी जीववाढरोधक रंग वापरला जातो. त्यातील क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचे संयुग हळूहळू पाण्यात मिसळून जीवांना तळाला चिकटू देत नाही.

मात्र प्रत्येक नौकेला हा महागडा रंग लागतोच असे नाही. डेराबस्सीजवळील चंदीगडच्या सुखना सरोवरासारख्या गोड्या पाण्यात बार्नॅकल नसतात. तेथील वल्ह्यांच्या वा पायडलच्या नौकांना पाणी रोखणारा चांगला इपॉक्सी थर पुरेसा ठरू शकतो. घरगुती इनॅमल रंग मात्र सतत पाण्याखाली राहिल्यास फुगून सुटतो; त्याचा उपयोग जलरेषेच्या वरच्या भागापुरताच ठेवावा.

नौका कशाची बनली आहे, हेही पाहावे लागते. लाकूड पूर्ण वाळलेले हवे. पोलादाला आधी गंजरोधक इपॉक्सी प्रायमर हवा. ॲल्युमिनियमवर क्युप्रस ऑक्साइडचा रंग लावू नये. त्यामुळे विद्युत-रासायनिक क्रिया होऊन धातू झिजतो.

स्वस्त रंग ओळखण्यासाठी डब्यावरील घनांशाचे प्रमाण तपासावे. रंग वाळल्यावर द्रावक उडून जाते आणि घनांशच मागे उरतो. ५० टक्के घनांशाच्या एका लिटरमध्ये १०० मायक्रॉन जाडीचा कोरडा थर सुमारे ५ चौरस मीटरवर बसतो. ४० टक्के घनांशाच्या रंगात तो ४ चौरस मीटरवरच बसतो. म्हणजे दुसरा रंग लिटरमागे २० टक्के स्वस्त असला, तरी प्रति चौरस मीटर खर्च सारखाच येतो. प्रत्यक्षात काही रंग वाया जातो, हेही गृहीत धरावे. या खर्चाला रंग किती हंगाम टिकतो त्या संख्येने भागल्यास खरी तुलना होते.

किफायतीच्या नादात बंदी असलेली रसायने वापरली जाऊ नयेत, याचीही खबरदारी घ्यावी लागते. ट्रायब्युटाइल टिनमुळे शिंपले आणि गोगलगायींच्या वाढीवर व प्रजननावर गंभीर परिणाम झाल्याचे आढळले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेला करार १७ सप्टेंबर २००८ रोजी लागू झाला आणि अशा रंगांवर बंदी आली. सायब्युट्रीन या रसायनाचा नव्याने वापर १ जानेवारी २०२३ पासून याच कराराने रोखला आहे. ज्या खाडीत मासळीची पिले वाढतात, तेथेच हे विष साचत असल्याने त्याचा फटका अखेर मासेमारीलाच बसतो.

उत्तम रंगही ओल्या पृष्ठभागावर टिकत नाही. पावसाळ्यात आडोशाखाली काम करावे, क्षार गोड्या पाण्याने धुवून काढावेत, सुटलेला जुना रंग खरवडावा आणि पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक असतानाच रंग लावावा. दोन थरांमधील अंतर आणि नौका पाण्यात सोडण्याची मुदत उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसारच पाळावी.