पोकरमधील कौशल्य आणि नशीब

पोकर हा पैज लावून खेळल्या जाणाऱ्या पत्त्यांच्या खेळांचा एक समूह आहे. पिसलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटमधून कोणाला कोणती पाने येतील, हे सर्वस्वी नशिबावर अवलंबून असते. मात्र आलेल्या पानांवर पैज लावावी, ती वाढवावी की डाव सोडावा, हा निर्णय खेळाडूचा असतो. त्यामुळे पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, या प्रश्नाला सर्व प्रकारांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. दोहोंचे प्रमाण मुख्यतः उघड झालेली माहिती, पैजेवरील मर्यादा आणि खेळलेल्या डावांची संख्या यांवर ठरते.

नशिबाचा भाग

टेक्सास होल्डेम या सर्वाधिक प्रचलित प्रकारात प्रत्येक खेळाडूला दोन बंद पाने मिळतात व मेजावर पाच सामायिक पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात. दोन एक्के ही सर्वोत्तम सुरुवातीची जोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. दोन राजे असलेल्या एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, पाचही पाने उघडेपर्यंत डाव चालल्यास, ती सुमारे ८२ टक्के वेळा जिंकते. म्हणजेच अचूक खेळूनही खेळाडू पाच-सहा डावांत एकदा हरतो. एका डावाच्या निकालावरून निर्णय योग्य होता की चुकीचा, हे ठरवता येत नाही.

कौशल्याचा भाग

समजा, खेळाडूजवळील व मेजावरील पाने मिळून बदामाची चार पाने झाली आहेत, पाचवे आल्यास तो जिंकणार आहे आणि एकच पान उघडायचे राहिले आहे. त्याला न दिसलेल्या ४६ पानांपैकी ९ बदामाची असल्याने जिंकण्याची शक्यता सुमारे १९.६ टक्के आहे. पॉटमध्ये १०० रुपये असताना प्रतिस्पर्ध्याने २५ रुपये लावले, तर २५ रुपये भरून १२५ रुपये जिंकण्याची संधी मिळते. त्यासाठी १६.७ टक्के शक्यता पुरेशी असल्याने पैसे भरणे फायद्याचे ठरते. प्रतिस्पर्ध्याने १०० रुपये लावल्यास मात्र ३३.३ टक्के शक्यता लागते. पुढील पैजा विचारात न घेतल्यास तेथे डाव सोडणेच योग्य.

या गणिताखेरीज प्रतिस्पर्ध्याच्या पैजांवरून त्याच्या पानांचा अंदाज घेणे आणि कमकुवत पानांवर मोठी पैज लावून त्याला डाव सोडायला लावणे, ही कौशल्येही महत्त्वाची असतात. अनेक डाव पाने न दाखवताच संपतात. अशा डावांत कोणाची पाने श्रेष्ठ होती, हा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रकारांनुसार फरक

मर्यादित पैजेच्या प्रकारात पैजेची रक्कम ठरलेली असते. पॉट मोठा झाल्यावर अपुऱ्या पानांवरही पैसे भरणे परवडते आणि डाव शेवटच्या पानापर्यंत जातो. अमर्याद पैजेच्या प्रकारात खेळाडू पैज वाढवून प्रतिस्पर्ध्याला चुकीच्या निर्णयाकडे ढकलू शकतो. तेथे एका चुकीची किंमतही मोठी असते.

ओमाहा प्रकारात चार बंद पाने मिळतात व त्यांपैकी नेमकी दोन वापरावी लागतात. सुरुवातीच्या पानांमधील अंतर येथे कमी असल्याने खरे निर्णय पुढील टप्प्यांवर होतात. सात पानांच्या स्टडमध्ये प्रत्येकाची चार पाने उघडी असतात, त्यामुळे डाव सोडलेल्यांची पाने लक्षात ठेवणे उपयोगी ठरते. पाच पानांच्या ड्रॉमध्ये पैजांखेरीज, प्रतिस्पर्ध्याने किती पाने बदलली एवढीच माहिती मिळते. व्हिडिओ पोकरमध्ये प्रतिस्पर्धीच नसतो. कोणती पाने ठेवावीत, एवढाच निर्णय उरतो.

डावांची संख्या

डाव वाढत जातात तसा नशिबाचा परिणाम एकमेकांना छेदतो आणि कौशल्यातील फरक दिसू लागतो. एकाच स्पर्धेतून मात्र तो स्पष्ट होत नाही. २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडूंमधून क्रिस मनीमेकर हा हौशी खेळाडू विजयी झाला. तो ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून आला होता.

२०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणक प्रणालीने २० दिवसांत १,२०,००० डाव खेळून चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले. नशिबाचा परिणाम कमी करण्यासाठी एका खेळाडूला आलेली पाने दुसऱ्या मेजावर प्रणालीला देण्यात आली होती.

रोख खेळात आयोजक सहसा पॉटमधून कपात करतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांहून किंचित सरस खेळाडूही दीर्घकाळात तोट्यात जाऊ शकतो.

भारतातील कायदेशीर स्थिती

१८६७ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमातून कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले व फ्लश, ब्रॅग या नावांनी खेळला जाणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा मानला. पोकरबाबत एकमत झाले नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात जुगाराच्या व्याख्येतून पोकर वगळलेला आहे, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. त्यामुळे ऑनलाइन पोकरपुरता हा भेद कायद्याच्या दृष्टीने निर्णायक राहिला नाही.