चित्रपटास किती तारका?

शुक्रवारी नवा चित्रपट झळकतो आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या एका कोपऱ्यात त्याचा निकालही लागलेला असतो. वर चित्रपटाचे नाव, त्याखाली पाच तारका. त्यांपैकी तीन भरलेल्या, दोन पोकळ. खाली दीडदोनशे शब्दांचे परीक्षण असते, परंतु ते वाचण्याची तसदी किती जण घेतात? ‘तीन स्टार आहेत’ एवढे म्हटले की काम भागते. विद्यार्थ्यांस तर ही भाषा निराळी शिकवावी लागत नाही, कारण त्यांचे सारे वर्ष गुणांच्याच हिशेबात जाते. कलाकृतीस गणिताच्या उत्तरपत्रिकेप्रमाणे गुण देण्याची ही रीत कोठून आली, ती कशी चालते आणि तिच्यावर कितपत विसंबावे, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

तारका लावण्याची कल्पना मूळची चित्रपटांची नव्हे. ती प्रवाशांची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मारियाना स्टार्क नावाच्या इंग्रज लेखिकेने युरोपात हिंडणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका लिहिल्या. इटलीतील अगणित चित्रे व शिल्पे ह्यांतून कोणती चुकवू नयेत हे सुचविण्यासाठी ती त्यांच्या नावापुढे उद्गारचिन्हे घालीत असे. चिन्हे जितकी अधिक तितकी कृती थोर. पुढे जर्मनीतील बेडेकर ह्यांच्या मार्गदर्शिकांत उद्गारचिन्हाची जागा तारकेने घेतली, आणि फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९२६ सालापासून उत्तम भोजनगृहांस तारका देण्यास आरंभ केला. (टायर विकणाऱ्यांनी अन्नाची परीक्षा का करावी, असे कोणास वाटेल. परंतु लोक मोटारीने दूरदूर जेवावयास जाऊ लागले म्हणजे टायर झिजतात, हे व्यापाऱ्यास कळते!)

चित्रपटाच्या वाट्यास ही तारका आली ती ३१ जुलै १९२८ रोजी. ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’ ह्या दैनिकात आयरीन थायरर ह्या चित्रपट-समीक्षक होत्या. त्यांनी त्या दिवसापासून प्रत्येक चित्रपटास शून्य ते तीन तारका देण्याचे ठरविले. तीन म्हणजे उत्कृष्ट, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे सामान्य, आणि एकही नसली म्हणजे चित्रपट साफ वाईट. पहिला मान ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ ह्या चित्रपटाचा. त्यास एकच तारका मिळाली. ही पद्धत कायमची राहील, असे आश्वासन त्या पत्राने वाचकांस दिले होते. वृत्तपत्रांची सगळीच आश्वासने खरी होतात असे नाही. हे मात्र झाले.

येथेच एक गोष्ट ध्यानी घ्यावी. थायररबाईंच्या तीन तारका म्हणजे पैकीच्या पैकी. पुढे अमेरिकेत चार तारकांचे माप रूढ झाले, तेव्हा तीन म्हणजे पाऊणशे टक्के उरले. आपल्याकडे बहुतेक पत्रे पाचांतून देतात. म्हणजे तीन तारका साठ टक्क्यांवर आल्या. आकडा तोच, अर्थ तीन. मग ‘तीन स्टार’ एवढेच सांगणारा मनुष्य नेमके काय सांगतो?

फ्रान्समध्ये ‘काइए द्यु सिनेमा’ हे मासिक १९५१ साली निघाले. त्यात दहा समीक्षकांचा एक तक्ता छापीत. डाव्या बाजूस चित्रपटांची नावे, वर समीक्षकांची नावे, आणि प्रत्येक चौकोनात ज्याचे त्याचे मत. ह्या तक्त्याची खूण अशी की त्यातील चिन्हे गुण नव्हेत, सल्ला होता. काळा ठिपका म्हणजे ‘जाण्याचे कष्ट घेऊ नका’. एक तारका म्हणजे ‘अगदीच वेळ असेल तर पाहा’. दोन म्हणजे ‘पाहा’. तीन म्हणजे ‘अवश्य पाहा’. आणि चार म्हणजे श्रेष्ठ कलाकृती. मला स्वतःला सर्व पद्धतींत ही अधिक प्रामाणिक वाटते. तीत सरासरी काढून मतभेद पुसून टाकण्याची घाई नाही. एकाच ओळीत एकाचा काळा ठिपका व शेजारी दुसऱ्याच्या चार तारका दिसल्या की वाचकाचे कुतूहल जागे होते, आणि चित्रपट पाहावयास त्याहून चांगले कारण कोणते?

अमेरिकेतील दोन समीक्षकांनी ही गोष्ट आणखी सोपी केली. काहींच्या मते फारच सोपी. शिकागोच्या दोन प्रतिस्पर्धी दैनिकांत लिहिणारे जीन सिस्कल आणि रॉजर एबर्ट हे १९७५ पासून दूरचित्रवाणीवर एकत्र बसून चित्रपटांवर वाद घालू लागले. वादाच्या शेवटी अंगठा वर किंवा अंगठा खाली. मधला अंगठा नाही. दोघांचेही अंगठे वर गेले की निर्माता ते जाहिरातीत ठळक अक्षरांत छापी. परंतु हेच एबर्ट आपल्या ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये चार तारकांच्या मापाने सविस्तर परीक्षण लिहीत, आणि त्या लेखनासाठी त्यांना १९७५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले होते.

एबर्ट ह्यांनी तारकांचे मर्म फार नीट उलगडून सांगितले आहे. त्यांचे म्हणणे असे की तारका सापेक्ष असतात. एखाद्या मित्राने ‘हेलबॉय’ हा साहसपट कसा आहे असे विचारले, तर तो ‘मिस्टिक रिव्हर’सारख्या गंभीर शोकपटाच्या तुलनेत विचारीत नसतो, त्याच जातीच्या इतर साहसपटांच्या तुलनेत विचारीत असतो. आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर धावण्याच्या शर्यतीतील पहिला क्रमांक आणि निबंधस्पर्धेतील पहिला क्रमांक दोन्ही पहिलेच. पण त्यावरून धावणारा श्रेष्ठ की लिहिणारा, हे ठरत नाही.

तरीही स्वतः एबर्ट ह्यांचाही हात कधी आखडला. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ हा सर्जिओ लिओनी ह्यांचा चित्रपट अमेरिकेत आला तेव्हा त्यांनी त्यास तीन तारका दिल्या. पुढे कित्येक वर्षांनी त्याच चित्रपटावर गौरवपर लेख लिहिताना ते म्हणाले, की माझ्या त्या जुन्या परीक्षणातील वर्णन चार तारकांचे होते, तारका मात्र तीनच दिल्या. कारण इटलीत तयार झालेला घोडेस्वारांचा चित्रपट कलाकृती असू शकेल हे तेव्हा मनास पटले नसावे. मला ह्या कबुलीचे मोल फार वाटते. शब्द लिहिताना समीक्षकाने चित्रपट पाहिला होता. तारका देताना त्याने चित्रपटाची जात पाहिली. आपल्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. कारण तारकांतील दोष बहुधा येथेच असतो.

अल्पाक्षरी निवाडा मात्र सर्वस्वी टाकाऊ नाही. तीही एक कला आहे. लेनर्ड मॉल्टिन ह्यांनी १९६९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, दूरचित्रवाणीवर दाखविल्या जाणाऱ्या चित्रपटांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि पुढे अनेक दशके तिच्या नव्या आवृत्त्या काढल्या. एकेका चित्रपटास चारसहा ओळी, त्यांतच कथा, नट आणि निर्णय. १९४८ सालच्या एका चित्रपटाचे नाव होते ‘इझन्ट इट रोमँटिक?’, म्हणजे ‘हे रम्य नाही का?’ मॉल्टिन ह्यांचे परीक्षण एका शब्दाचे: ‘नाही.’ विनोद म्हणून हे उत्तम आहे. परंतु ह्यातही तारका त्यांनी दिल्याच होत्या, ही गंमत लोक विसरतात.

आपल्या देशात असा तिखट निवाडा देणारे पहिले मोठे नाव बाबूराव पटेल ह्यांचे. त्यांनी १९३५ साली मुंबईहून ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केले. परीक्षणाचा मथळाच असा असे की खालचा मजकूर न वाचताही चित्रपटाची गत कळावी. वाचकांच्या प्रश्नांस ते एकेका ओळीत उत्तरे देत, आणि कित्येक वाचक तर केवळ त्या उत्तरांसाठी अंक घेत. त्यांच्या लेखणीला भय नव्हते, पण संयमही थोडाच होता. चित्रपट वाईट असेल तर नटाच्या रूपाचीही टवाळी करावयाची, हे आज वाचताना रुचत नाही. झटपट निवाड्याला हा मोह नेहमीच असतो: वाक्य चुरचुरीत झाले की ते खरे आहे की नाही हे तपासण्याची गरज लेखकास वाटत नाही.

अलीकडे एकेका समीक्षकाच्या तारकांपेक्षा सर्वांचे मिळून काढलेले आकडे अधिक पाहिले जातात. १९९८ साली अमेरिकेत निघालेले ‘रॉटन टोमॅटोज’ हे संकेतस्थळ त्यांत प्रमुख. त्यावर एखाद्या चित्रपटापुढे ‘९५ टक्के’ असे दिसले की तो शंभरपैकी पंच्याण्णव गुणांचा, असे बहुतेकांस वाटते. तसे ते नाही. तेथे प्रत्येक परीक्षण अनुकूल की प्रतिकूल एवढेच पाहतात, आणि शेकडा किती अनुकूल निघाली ते सांगतात. साठ किंवा त्याहून अधिक असली की चित्रपट ‘ताजा’, कमी असली की ‘नासका’.

आपल्याला हे शाळेच्या निकालावरून चटकन कळेल. समजा, एका शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला, पण सर्व मुले चाळीस-पंचेचाळीस गुणांनी उत्तीर्ण झाली. दुसऱ्या शाळेचा निकाल ऐंशी टक्के, पण उत्तीर्णांपैकी निम्मी मुले नव्वदीच्या घरातील. फलकावर पहिल्या शाळेचा आकडा मोठा दिसेल. तद्वत, जो चित्रपट कोणास फारसा आवडत नाही पण कोणास नकोसाही होत नाही, तो शंभराच्या जवळ जातो. आणि जो धाडसी चित्रपट काहींना वेड लावतो व काहींना चीड आणतो, तो साठ-सत्तरीत अडकतो. २००१ साली निघालेले ‘मेटाक्रिटिक’ सरासरी गुण काढते. तेथे हा दोष कमी आहे. प्रेक्षकांच्या मतांची तऱ्हा आणखी निराळी. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच मंडळी त्यावर मते नोंदवू लागली, म्हणून ‘रॉटन टोमॅटोज’ला २०१९ साली ती सोय बंद करावी लागली! न पाहिलेल्या चित्रपटाचे परीक्षण हा साहित्यप्रकार आपल्या काळाचीच देणगी म्हणावी लागेल.

समीक्षकांचे निवाडे काळाच्या कसोटीस नेहमी उतरतात असेही नाही. १९६७ साली ‘बॉनी अँड क्लाइड’ आला तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर ह्यांनी त्यावर एकदा नव्हे, अनेकदा कोरडे ओढले. ते १९४० पासून त्या जागेवर होते आणि त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. ‘न्यूजवीक’च्या जोसेफ मॉर्गनस्टर्न ह्यांनीही प्रथम चित्रपटाची निर्भर्त्सना केली, परंतु तो पुन्हा पाहिल्यावर पुढच्याच अंकात आपले परीक्षण मागे घेतले. क्राउदर ह्यांनी मत बदलले नाही, आणि थोड्याच काळात त्यांची ती जागा गेली. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’स अनेक समीक्षकांनी नाकारले होते, तो मुंबईच्या ‘मिनर्व्हा’ चित्रगृहात पाच वर्षे चालला. अर्थात, गर्दी हेच गुणाचे प्रमाण मानावे असे मी म्हणत नाही. गर्दीही चुकते, फक्त तिला परीक्षण लिहावे लागत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी भाषकांना ह्या प्रश्नाची एक अधिक धग लागते. मराठी चित्रपट आपल्या गावी लागलाच, तर बहुधा आठवड्याभरासाठी आणि अडनिड वेळेस. पहिले तीन दिवस प्रेक्षक आले नाहीत तर चौथ्या दिवशी तो उतरतो. अशा वेळी शुक्रवारच्या पत्रातील अडीच तारका पाहून घरी बसणारी चार कुटुंबेही त्या चित्रपटाचे भवितव्य ठरवितात. मोठ्या हिंदी चित्रपटाचे अडीच तारकांनी फारसे बिघडत नाही. त्याच्या जाहिरातीच त्याला तारतात.

आता नमुन्यादाखल तीन निवाडे मीच देऊन पाहतो. वाचकांनी ते खुशाल खोडावे.

‘संत तुकाराम’ (१९३६, प्रभात, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल): चमत्कारांची दृश्ये आज भाबडी वाटतात, तरी चित्रपट शिळा होत नाही, कारण त्यात जिजाई आहे. तुकोबा विठ्ठलात रंगले म्हणजे चूल कोणी पेटवावी, हा तिचा सवाल चित्रपट कोठेही खोटा ठरवीत नाही. विष्णुपंत पागनीस अभिनय करीत आहेत असे वाटतच नाही. पाच तारका.

‘शोले’ (१९७५, दिग्दर्शक रमेश सिप्पी): कथेचे धागे उसने, लांबी अवास्तव, हिंसा सढळ. परंतु लहानसहान पात्रांनाही चेहरा देणारी लेखणी आणि गब्बरच्या पहिल्या प्रवेशातील ती भयाण शांतता विसरता येत नाही. चार तारका.

‘श्वास’ (२००४, दिग्दर्शक संदीप सावंत): नातवाच्या डोळ्यांस कर्करोग, शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. हे त्या मुलास कसे सांगावे, एवढाच प्रश्न, आणि त्यावर सारा चित्रपट. रुग्णालयातील काही प्रसंग लांबले आहेत. चार तारका.

आता पाहा, ‘शोले’ला चार आणि ‘श्वास’लाही चारच. ह्याचा अर्थ दोन्ही सारखे असा मुळीच नाही; एक दुसऱ्याच्या मापाने मोजताच येत नाही. तारका खोडून केवळ वाक्ये ठेवली तर निवाड्याचे काही बिघडत नाही. वाक्ये खोडून तारका ठेवल्या तर मात्र हातात काहीच उरत नाही. शिवाय ‘श्वास’मध्ये आजोबा शस्त्रक्रियेच्या आधी मुलाला कोणास न सांगता रुग्णालयाबाहेर नेतात, त्याला डोळे भरून शहर पाहता यावे म्हणून. तो भाग मी आजवर दोनदा पाहिला आहे. पहिल्या खेपेस अर्धी तारका वाढवावी असे वाटले, दुसऱ्या खेपेस वाटले की हिशेबाची वही मिटून ठेवावी. आमच्या शिक्षकदालनातील एका सहकाऱ्यांचे मत निराळे आहे. ते साडेतीनच्या वर जावयास तयार नाहीत, आणि त्यांची कारणे पुढील अंकात त्यांनीच लिहावी असे मी त्यांना सुचविले आहे.