प्रौढ वयातील तारुण्यपीटिका

मुरुमांना मराठीत ‘तारुण्यपीटिका’ असे नाव आहे. सुश्रुताने त्यांना ‘मुखदूषिका’ म्हटले, सावरीच्या काट्यांची उपमा दिली आणि त्यांची गणना क्षुद्ररोगांत केली. उपमा अचूक आहे. परंतु ‘तारुण्य’ आणि ‘क्षुद्र’ हे दोन्ही शब्द आज आपली दिशाभूल करतात. पंचविशी, तिशी, प्रसंगी चाळिशी उलटलेल्यांनाही हा विकार जडतो आणि त्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते. शिवाय त्याचे व्रण चेहऱ्यावर कायमचे राहिले, तर त्या दुःखाला क्षुद्र कोण म्हणेल?

प्रथम त्याचे कारण पाहू. केसांच्या मुळांशी तैलग्रंथी असतात. पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने, आणि ही संप्रेरके स्त्रियांच्या शरीरातही असतात, तेलाचा स्राव वाढतो. मृत पेशींनी रंध्राचे तोंड बुजते, आत जंतू वाढतात आणि दाह होऊन पुटकुळी उठते. म्हणजे मुरूम हा अस्वच्छतेचा रोग नव्हे. दिवसातून दहा वेळा साबणाने तोंड धुऊन तो जात नाही. उलट त्वचा मात्र कोरडी व हुळहुळी होते.

तापीकाठच्या सुरतेत या विकाराला आणखी एक बाजू आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांतील कित्येकजण यंत्रमागांवर काम करतात. यंत्राच्या तेलाने भिजलेले कपडे अंगाला तासन्‌तास घासत राहिले, तर मांड्यांवर व हातांवर मुरुमांसारखेच फोड येतात. येथे पहिला उपचार म्हणजे तेलकट कपडे वेळीच बदलणे व काम संपताच अंग धुणे. कपाळावर ओघळणारे डोक्याचे तेलही काहींना असेच बाधते.

आता औषधांकडे वळू. सौम्य मुरुमांना बाहेरून लावण्याचे औषध बहुधा पुरते. रात्री ॲडापलीन व दिवसा बेन्झॉइल परॉक्साइड ही जोडी आज प्रमुख मानली जाते. पहिले रंध्रे मोकळी करते, दुसरे जंतू मारते. ही औषधे एकेका पुटकुळीवर टिंब देऊन नव्हे, तर साऱ्या बाधित भागावर पातळ लावावयाची असतात. प्रारंभी त्वचा थोडी सोलवटते; तेव्हा एक दिवसाआड सुरुवात करावी. बेन्झॉइल परॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, एवढे साडीच्या शहरात राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे! क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक मलम मात्र एकटेच वापरू नये. जंतू त्याला लवकरच दाद देईनासे होतात. गर्भवती स्त्रियांनी ॲडापलीन टाळावे. त्यांना ॲझेलिक आम्ल अधिक निर्धोक ठरते.

दाह अधिक असल्यास डॉक्टर डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या देतात. त्या साधारणपणे तीन महिन्यांहून अधिक काळ चालू ठेवीत नाहीत. स्त्रियांमध्ये हनुवटीवर व जबड्याच्या कडेला वारंवार येणारे मुरूम, अनियमित पाळी आणि चेहऱ्यावर वाढणारे केस ही लक्षणे एकत्र दिसली, तर बीजकोशांच्या विकाराची तपासणी करावी. अशा वेळी संप्रेरकांवर काम करणाऱ्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. खोल गाठी व व्रण पाडणाऱ्या मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन हे सर्वांत प्रभावी औषध आहे. पण त्याने गर्भाला गंभीर व्यंग येते. म्हणून ते घेताना व थांबविल्यावर निदान एक महिना गर्भधारणा होऊ देता कामा नये. रक्ताच्या तपासणीवाचून ते कोणीही घेऊ नये.

परंतु या सर्वांहून मोठा धोका औषधाच्या दुकानात मागितल्याबरोबर मिळणाऱ्या, ‘गोरे करणाऱ्या’ मलमांत आहे. त्यांतील कित्येकांत स्टेरॉइड असते. आठवडाभर चेहरा उजळतो, लाली मावळते आणि माणूस भुलतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम पूर्वीपेक्षा जोराने उसळतात. मलम थांबविताच आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. तरी नियमाला ग्राहकाची जोड हवीच. ज्यांनी असे मलम महिनोन्‌महिने लावले आहे, त्यांनी ते कसे सोडावे हे त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारावे.

आहाराविषयी दोन शब्द. तिखट वा तेलकट खाण्याने मुरूम येतात, याला भक्कम पुरावा नाही. गोड व मैद्याचे पदार्थ, तसेच व्यायामशाळेत घेतली जाणारी प्रथिनांची पूड यांचा संबंध मात्र काहींच्या बाबतीत दिसतो. घारीचा एखादा तुकडा कोणी सोडावा असे नव्हे. रोजचे प्रमाण पाहावे.

शेवटची गोष्ट धीराची. कोणत्याही उपचाराचा गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत औषध बदलणारा रोगी बहुधा सर्वच औषधांना दोष देत राहतो. पुटकुळ्या नखांनी फोडू नयेत, उन्हापासून चेहरा जपावा. आपल्या सावळ्या त्वचेवरचे काळे डाग मुरुमांहून अधिक काळ रेंगाळतात. खड्ड्यांवरील उपचार मुरूम शांत झाल्यावरच करावेत. सुरतेत नवीन सिव्हिल हॉस्पिटल व महापालिकेचे स्मीमेर येथे या रोगांची तपासणी होते. व्रण पडण्यापूर्वी तेथे जाणे, हाच या विकारावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.