वक्रपृष्ठांपासून जलरोधक घन : संगणकीय रेखाटनातील एक मूलभूत प्रश्न

प्रस्तावना
पंचवटीत येणारे यात्रेकरू गोदावरीचे जल तांब्याच्या गडूत भरून नेतात. गडूचा सांधा नीट झाळला आहे की नाही, हे पाणी भरताच कळते. संगणकावर रेखाटलेल्या गडूची अशी परीक्षा आपोआप होत नाही. पडद्यावर अखंड दिसणारी आकृती त्रिमितीय मुद्रणाच्या वेळी सदोष ठरते. या विसंगतीची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पृष्ठ आणि घन
कॅड प्रणालीतील वक्रपृष्ठास जाडी नसते. त्यामुळे पाणी धरणारा गडूचा आकारही, तोंड उघडे असल्याने, संगणकाच्या दृष्टीने जलरोधक नसतो. येथे घन म्हणजे गडूतील पाणी नव्हे, तर त्याचा पत्रा होय. आतील व बाहेरील पृष्ठे काठाशी जोडली गेली, तरच तो घन पूर्ण होतो. त्यासाठी प्रत्येक कडा नेमक्या दोन पृष्ठांत सामाईक असावी लागते. एकाच पृष्ठाची कडा ही फट समजावी.

फटीचे कारण व उपाय
दोन नर्ब्स पृष्ठांची छेदरेषा बहुधा अचूक मांडता येत नाही. प्रणाली तिचे आसन्न रूप साठविते. म्हणून ठरावीक सहनमर्यादेतील, उदाहरणार्थ ०.०१ मि.मी.पर्यंतची, फट सांधली गेली असे मानले जाते. ही मर्यादा वाढविणे विद्यार्थ्यांना सोपे वाटते. परंतु त्यामुळे फट बुजत नाही, केवळ दुर्लक्षिली जाते आणि सूक्ष्म पृष्ठे नष्ट होण्याचा धोका उद्भवतो. पृष्ठे किंचित वाढवून परस्परांच्या छेदावर कापणे, अथवा सदोष पृष्ठ नव्याने रचणे, हाच खरा उपाय होय.

पडताळणी
त्रिकोणी जाळीत रूपांतर केल्यावर त्रिकोणसंख्येची तिप्पट ही कडांच्या संख्येच्या दुपटीइतकी असावी. अर्थात त्रिकोणसंख्या विषम आल्यास जाळी निश्चितच बंद नाही. ऑयलरच्या सूत्रानुसार शिरोबिंदू उणे कडा अधिक त्रिकोण यांचे उत्तर गडूसाठी २ येते. तोटी असलेल्या झारीत तोंडातून तोटीपर्यंत आरपार मार्ग असल्याने ते ० येते. तथापि या गणना आवश्यक असल्या, तरी पुरेशा नाहीत. पृष्ठे परस्परांना छेदत नाहीत ना, हेही स्वतंत्रपणे तपासावे लागते.

निष्कर्ष
आकृतीच्या देखणेपणावर गुण देण्यापूर्वी उघड्या कडांची संख्या शून्य आहे का, हे अध्यापकांनी विचारावे. सांध्याची परीक्षा हा मूल्यमापनाचा भाग झाला, तरच विद्यार्थी चित्र आणि वस्तू यांतील भेद शिकेल.