लाडीगोडी

'लाडीगोडी लावणे' यात लाड आहेत, गोडी आहे. पण मला त्यातलं 'लावणे' महत्त्वाचं वाटतं. मनधरणी आपण 'करतो', लाडीगोडी मात्र 'लावतो', मधाच्या बोटासारखी. मनधरणी बहुधा रुसलेल्याची असते. लाडीगोडीत आपलं काम साधायचं असतं. नातवानं लाडीगोडी लावून आजीकडून आणखी एक लाडू उकळला, तर दोघंही खूश. कारण आजीला सारं कळत असतं. पण तशाच गोड बोलण्यानं घराच्या कागदांवर तिची सही घेतली तर? नात्यातल्या वर्चस्वाचा गैरफायदा घेऊन मिळवलेली संमती १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार रद्द ठरवता येते. तेव्हा लाडीगोडी तिथवरच गोड, जिथवर आजीला 'नाही रे बाळा' म्हणता येतं.