सहा मीटरांच्या आतली खाण

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेला रस्ता हातखंब्याला मुंबई–गोवा महामार्गाला मिळतो, त्याच्याबरोबर पालीपर्यंत येतो आणि तिथून वळून नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढतो. दोन्ही रस्त्यांचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललंय. त्यासाठी लागणारी खडी काळ्या दगडाची. तांबडा जांभा खडीच्या कामाचा नाही. तो या रस्त्यावरून गाडीत बसून जातो. दिवाळी ओसरली की पालीच्या बाजारपेठेतून चिऱ्यांच्या गाड्या दिसू लागतात आणि मिरगाचा पाऊस लागेपर्यंत दिसत राहतात. ताज्या चिऱ्याचा रंग ओलसर, गुलाबीकडे झुकणारा. महिना-दोन महिने उन्हात पडलेला चिरा गडद होतो.

या गाड्या जिथून भरतात ती चिरेखाण. रत्नागिरी, लांजा, राजापूर आणि पुढे सिंधुदुर्गाच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, अशा खाणी ठिकठिकाणी आहेत. खाण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोळसा येतो, बोगदे येतात, फार तर गोव्याचं लोहखनिज. गावाबाहेरच्या कातळावर दोन मशिनं, एक झोपडी आणि पंधरा-वीस माणसं दिसली तर ती खाण वाटत नाही. पण जगात खाणीवर पोट भरणाऱ्यांपैकी बहुतेक जण अशाच जागी राबतात. जागतिक बँकेच्या २०२० च्या अहवालाने छोट्या आणि हातखाणींवर राबणाऱ्यांचा अंदाज दिला तो साडेचार कोटींच्या जवळपास, सुमारे ऐंशी देशांत मिळून. यात आफ्रिकेचा वाटा मोठा आहे आणि त्यातही तरुणांचा.

आधी दगडाकडे बघू. जांभा हा बेसॉल्टचाच, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचाच वंशज. लाखो वर्षांच्या उष्ण, दमट हवेत आणि धो धो पावसात काळ्या दगडातली सिलिका झिरपून निघून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली. म्हणून तो तांबडा, म्हणून तो सच्छिद्र. वरचा थर उन्हापावसाने कठीण झालेला असतो, तो चिऱ्याच्या कामाचा नाही. त्याच्या खालचा मऊ थर खरा चिऱ्याचा. आणखी खाली गेलं की शेडी लागते, चिकट मातीसारखी. तिथे खाण संपते.

जमिनीत असताना मऊ आणि वारा लागला की टणक, या गुणावर सगळा धंदा उभा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस बुकॅनन मलबारात फिरला तेव्हा त्याला हेच नवल वाटलं होतं. लोखंडी हत्याराने सहज कापला जाणारा दगड थोड्याच दिवसांत विटेसारखा कसा होतो, हे त्याने १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात नोंदवलं आणि या दगडाला लॅटेराइट हे नाव दिलं. मलबारच्या आणि कोकणच्या गवंड्यांना ते कळायला इंग्रज यावा लागला नव्हता. जयगड, विजयदुर्ग हे किल्ले त्याच्या कितीतरी आधीचे. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च १६०५ चं, तेही जांभ्याचंच. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याचा गिलावा काढून टाकला, आणि तेव्हापासून उघडा पडलेला दगड पावसाने झिजतोय. कोकणात घराची पडवी आणि पाख्या एवढ्या पुढे का येतात, ते त्या चर्चला विचारावं.

पूर्वी चिरा हाताने काढत. अणकुचीदार कुदळीने चारी बाजूंनी चर खणायचा, खालून पहार घालून तुकडा उचकटायचा, मग ताशून चौकोनी करायचा. एका चिऱ्यामागे घामाचं आणि वेळेचं गणित ठरलेलं असे. त्यानंतर मशीन आलं. रुळांवर सरकणारी गाडी, तिच्यावर मोटर, मोटरला गोल पातं, पात्याला टंगस्टन कार्बाइडचे दात. आधी उभे काप, मग आडवे, मग तळातून काप. सडा चौकटींच्या वहीसारखा आखला जातो आणि चिरे सुटे होतात. साधारण सव्वा फूट लांब, पाऊण फूट रुंद. वजन तीस-पस्तीस किलोच्या घरात. मशिनाने कापण्याचं काम हलकं केलं, उचलण्याचं नाही. तळातून चिरा काढून कडेला थप्पी लावायची आणि थप्पीवरून गाडीत भरायचा, हे अजून माणसाच्या कमरेवरच आहे. मजुरीही बहुतेक नगावर. जितके चिरे, तितके पैसे. त्यामुळे दुपारच्या उन्हातही कुणी थांबा म्हणत नाही, थांबणाराच तोट्यात जातो.

हे चिरे उचलतं कोण? इथेच या धंद्याचा खरा पेच आहे. मशिनावर, थप्पीवर, गाडीवर आढळणारी तरुण मुलं बरीचशी घाटापलीकडची: विजापूर, बागलकोट, उत्तर कर्नाटकातल्या कोरडवाहू गावांतली. नवराबायको जोडीने येतात, मुकादमाकडून उचल घेऊन येतात, खाणीलगतच खोपट बांधतात. पावसाळ्यात खाण पाण्याने भरते तेव्हा परत जातात, कारण तेव्हाच त्यांच्या शेतात पेरणी असते. खरिपाने वर्ष निघत नाही, ते चिऱ्याने निघतं.

आणि कोकणातला तरुण? तो मुंबईत, किंवा मुंबईच्या वाटेवर. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ सतरा लाखांवरून सोळा लाखांच्या आसपास उतरली. महाराष्ट्र वाढत असताना हा जिल्हा आटला. २०११ च्या जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. या आकड्याचं कौतुक करण्याआधी पुरुष कुठे गेले ते विचारावं. जे राहिले त्यांच्यातला एखादा चिरेखाणीत असतोही, पण तळात नाही. तो डंपरचा मालक असतो, हप्ते भरणारा. किंवा मशिनाचा, जेसीबीचा ऑपरेटर. किंवा जागा मालकाकडून करारावर घेऊन खाण चालवणारा, फोनवर गिऱ्हाईक लावणारा. ज्याची जमीन तो भाऊबंदांच्या सह्या गोळा करण्यात गुंतलेला, कारण सातबाऱ्यावर डझनभर नावं आणि त्यातली निम्मी विरार-डोंबिवलीला. हाडाचं काम परक्याकडे आणि कागदाचं, चाकाचं आपल्याकडे, अशी ही वाटणी आहे. मला ती आळसाची वाटत नाही. मुंबईचा पगार ज्या घरात येतो त्या घरातलं पोर नगावर चिरे उचलणार नाही, हा साधा हिशोब आहे. पण कोकणात रोजगार नाही ही तक्रार करताना हा हिशोब समोर ठेवावा.

आफ्रिकेत वाटणी वेगळी पडते. घानामध्ये सोन्याच्या छोट्या खाणी १९८९ च्या कायद्याने परवान्याखाली आणल्या. परवाना फक्त अठरा वर्षांवरच्या घानाच्या नागरिकाला. कागदावर नीट. प्रत्यक्षात परवाना मिळवणं इतकं लांबलचक की बहुतेक तरुण बिनपरवानाच खणत राहिले. मग परदेशी, विशेषतः चिनी, यंत्रसामग्री घेऊन आले, नद्या गढूळ झाल्या आणि २०१७ मध्ये सरकारने छोट्या खाणकामावरच बंदी आणली, ती पुढच्या वर्षअखेरपर्यंत चालली. खणणारा तरुण बंदीच्या काळात गेला कुठे, तर रात्रीच्या खाणीत. तिथे अभ्यासकांना एक गोष्ट वारंवार दिसली आहे: शेती आणि खाण हे दोन धंदे नाहीत, एकाच घराचे दोन हंगाम आहेत. पावसात पेरायचं, कोरड्यात खणायचं, खणलेल्या पैशांतून बियाणं घ्यायचं. विजापूरच्या जोडप्याला हे कुणी समजावून सांगायला नको.

सोन्याहून आपल्याला जवळचं उदाहरण बुर्किना फासोचं आहे. तिथे बोबो-डिउलासो शहराच्या परिसरात काराबाची खाण आहे, आणि तिथला दगड जांभाच. तरुण मुलं आजही तो कुदळीने हाताने कापतात. पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेली तांबडी खाण आणि तिच्यात उभी माणसं यांची छायाचित्रं जगभर गेली आहेत. त्याच देशातल्या फ्रान्सिस केरे या वास्तुरचनाकाराने कुडुगू इथल्या शाळेच्या भिंती स्थानिक जांभ्याच्या उभारल्या. २०२२ मध्ये त्याला प्रित्झकर पारितोषिक मिळालं, आफ्रिकेतल्या पहिल्या माणसाला. वाळू, चिकणमाती, बांधकामाचा दगड अशा स्वस्त खनिजांकडे दुर्लक्ष होतं पण गावात रोजगार तीच देतात, हे ओळखून संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने युरोपीय संघाबरोबर आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांसाठी एक वेगळा कार्यक्रमही चालवला.

आपल्याकडे या खाणीकडे कायदा कसा पाहत आला ते वाचण्यासारखं आहे. १९५२ च्या खाण कायद्याच्या तिसऱ्या कलमात सवलत होती. मुरूम, वाळू, बांधकामाचा दगड यांच्या यादीत लॅटेराइटचं नाव स्पष्ट लिहिलेलं. उघडी खाण सहा मीटरांहून खोल नसेल, एका दिवशी पन्नासांहून जास्त माणसं नसतील आणि स्फोटकं वापरली जात नसतील, तर कायद्याची बहुतेक कलमं लागू होत नसत. चिरेखाणीत सुरुंग लावत नाहीत, चिराच फुटेल. माणसं पन्नास नसतात. सहा मीटरांच्या आसपास मऊ थर बहुधा आटोपलेला असतो. सवलत जणू चिरेखाण समोर ठेवूनच लिहिली. तिच्यातून अठरा वर्षांखालील मुलांवरची बंदी सुटली नाही, हे चांगलं. पिण्याचं पाणी, प्रथमोपचार, आठवड्याची सुट्टी मात्र सुटली. हा कायदा आता नव्या श्रमसंहितेत गेला, पण कित्येक दशकं खाणकामगार म्हणून ज्याची गणती झाली नाही त्याला संहितेत शोधणार कोण?

महसूल खात्याला मात्र ही खाण अचूक दिसते. गौण खनिज म्हणून परवाना, ब्रासवर स्वामित्वधन, २०१३ चे राज्याचे नियम, महाखनिज प्रणालीवरचा वाहतूक पास. विनापास गाडी सापडली की जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाखाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर पाच हेक्टरांखालच्या खाणीलाही पर्यावरण मंजुरी आली. हे सगळं योग्यच. पण एकूण हिशोब असा की दगडाची मोजदाद आहे, उचलणाऱ्याची नाही.

सड्याची बाजू वेगळी आणि ती हलक्याने घेता येत नाही. सातबाऱ्यावर कातळ पोटखराबा असतो, म्हणून तो रिकामा समजतात. पहिल्या पावसात त्याच पोटखराब्यावर दीपकाडी फुलते, जी कोकणाच्या कातळाबाहेर जवळपास कुठे नाही. त्याच कातळावर कातळशिल्पं आहेत. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पायपीट करून ती शोधली. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू अशी नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. चिरेखाणीचं मशीन हत्तीचं चित्र आणि मोकळा कातळ यांत फरक करत नाही. शिवाय सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं. सोडून दिलेल्या खाणीत पाणी साठतं, त्यात पोहायला उतरलेली मुलं बुडतात. ही बातमी कोकणातल्या वर्तमानपत्र वाचणाऱ्याला नवी नाही. कुठे मालकाने माती भरून कलमं लावली, कुठे काजू. बहुतेक ठिकाणी नुसता खड्डा. खाण उघडण्याआधी सडा नीट पाहणं आणि खाण संपल्यावर खड्डा बुजवणं या दोन गोष्टी झाल्या तर मला चिरेखाणीचं वावडं नाही. सिमेंटच्या ब्लॉकपेक्षा तो चिरा कधीही बरा: भट्टी नाही, जळण नाही, घर थंड.

पैसा सध्या खाणीपेक्षा भिंतीत आहे. गिलाव्याशिवाय उघडी जांभ्याची भिंत पुण्या-मुंबईकरांच्या फार्महाऊसला हवी असते, आणि त्यासाठी चिरा मशिनातून आला तरी हाताने ताशावा लागतो, सांधा बारीक जुळवावा लागतो. असा गवंडी रोजाने नव्हे, कामावर भाव सांगतो. गावात असे हात थोडे उरलेत आणि त्यातले बरेचसे पन्नाशी ओलांडलेले. बागेचा गडगा रचणारे पुष्कळ मिळतात, कमान बसवणारा मिळेपर्यंत घरमालकाचा एक हंगाम जातो.